पितळी दाराचा गल्ला

१

गल्ला उपडा केला तशी नाणी सतरंजीवर घरंगळली. सगळी पडून झाली असं वाटून मुनव्वरशेठने तळावर एक थाप मारली, तेव्हा आतलं मखमलीचं अस्तर सुटून खाली आलं. त्याच्याबरोबर एक हिरवी पट्टी पडली.

रमजान तोंडावर आला होता आणि आम्ही पंधरा-वीसजण कुवेत शहराच्या दस्मान भागात शेठच्या बैठकीत जमलो होतो. बाहेर धुळीचा वारा सुटला होता. खिडक्या लावून घेतल्या तरी जिभेवर माती येत होती आणि दिवसाढवळ्या दिवे लावावे लागले होते. मुनव्वरशेठ म्हणजे कुवेतमधल्या आम्हा कोकणी मुसलमानांचे वाली, असं निदान ते स्वतः मानत. रत्नागिरी-श्रीवर्धनकडून निघालेली माणसं त्यांच्या लाँचीने इथल्या किनाऱ्याला लागायची. कुणाकडे कागद आहेत, कुणाकडे नाहीत, हे शेठ विचारत नसत, आणि म्हणून आम्हीही त्यांना फारसं काही विचारत नसू.

आमच्यात परमुलखी निघालेल्या माणसाच्या उजव्या दंडाला घरची बाई इमाम जामीन बांधते. कापडाच्या पट्टीत शिवलेलं एक नाणं, बस. माणूस सुखरूप पोचला, डोक्यावर छप्पर आलं, की तिथलं कुणी वडीलधारं ती गाठ सोडतं, टाके उसवून नाणं काढतं, आणि ते नाणं गरिबाला जातं. इथे दिनार सुरू झाला तरी दंडाला मात्र रुपयाच असतो. त्या रुपयाचा चहा प्यायची छाती चोराचीही होत नाही.

कुवेतमध्ये ही नाणी शेठच्या घरी जमायची आणि रमजानला गावाकडच्या विधवांना जायची. पूर्वी त्यासाठी बिस्किटांचा डबा होता. यंदा हिवाळ्याआधी त्या जागी यूसुफ सुताराचा गल्ला आला. जुन्या पोस्टाची पेट्यांची भिंत मोडीत निघाली, तेव्हा यूसुफने तिची छोटी पितळी दारं भंगारातून उचलली होती. दाराला इवलीशी काच, वर नंबर, खाली इंग्रजी अक्षरांच्या दोन चकत्या. अक्षरं जुळली की दार उघडतं. ह्या दारांमागे यूसुफ सागवानी पेटी जोडायचा, वर नाण्यापुरती फट पाडायचा आणि गल्ला म्हणून विकायचा. तेल कंपनीच्या अहमदी वसाहतीतल्या मडमा पोरांसाठी हौसेने घ्यायच्या. शेठच्या गल्ल्याचं दार एकशे बेचाळीस नंबरचं होतं. त्याच्या शेजारच्या पेटीतून मी बरीच वर्षं घरची पत्रं काढली होती, त्यामुळे ते दार बघून मला उगाच बरं वाटायचं.

आज तो गल्ला पहिल्यांदाच उघडला जात होता.

सुगरा उंबऱ्याशी उभी होती. ती माझ्या बायकोची मावसबहीण. अहमदीत एका इंजिनिअरच्या घरी आया म्हणून, रीतसर कागद घेऊन, आगबोटीने आदल्याच दिवशी उतरली होती. तिचा इमाम जामीन अजून दंडावर होता, कारण शेठच्या बायकोने, झुलेखाबीने, मुद्दाम निरोप धाडला होता की गल्ला उघडायच्या वेळीच तिला आणा, गाठ इथेच सोडू.

सुगरा पुढे आली. तिने ती हिरवी पट्टी उचलली, कापडावरून अंगठा फिरवला आणि म्हणाली, "हा मी बांधलेला."

"बेटी, हिरव्या पट्ट्या सगळ्यांच्याच असतात," शेठ म्हणाले.

"रुपया माझ्या सासूच्या हारातला हाय. कडी तोडून काढला. तोडली तिथं टोक राहिलंय. बघा हात लावून."

माझी बायको कुबरा हिने पट्टी घेतली, चाचपली आणि माझ्याकडे दिली. टोक बोचलं. माझ्या पाठीतून थंडी गेली, ती जानेवारीची नव्हती.

कारण सुगराचा नवरा अब्बास कुवेतला पोचलाच नव्हता. पावसाळा सरल्यावर तो शेठच्या लाँचीने निघाला, आणि किनाऱ्याजवळ उडी मारताना बुडाला. बरोबरच्या रियाजने डोळ्यांनी पाहिलं होतं. तसं पत्र गावी गेलं. मैयत मिळाली नाही. सुगरा विधवेने पाळायच्या इद्दतीला बसली नाही, तिने बांगड्याही काढल्या नाहीत. मैयत नाही, कबर नाही, मग मी कसली बेवा, एवढंच ती सगळ्यांना सांगायची. सासर तिला वेडी म्हणू लागलं होतं.

"म्हणजे अब्बास पोचला होता की काय?" कुणीतरी म्हणालं. "जिवंत हाय?"

सुगराचा चेहरा असा उजळला की मला तिच्याकडे बघवेना.

"मग ते कुठं हायत?" तिने विचारलं.

 झुलेखाबीने चहाचा ट्रे आणून मधोमध ठेवला आणि कप नीट लावले. एवढ्या जणांत एकटी तीच दचकली नव्हती, हे मला मागाहून आठवलं.

कुबराने सुगराचा दंड धरला. "ये, तुझी गाठ तरी सोडू."

सुगराने हात मागे घेतला. "आता नको, आपा. मी अजून पोचले नाय."

२

माझ्या बायकोबद्दल सांगायला हवं. जमातीत कुणाचं काही हरवलं, कुणावर आळ आला, की लोक आधी कुबराकडे येतात. ती आरडाओरड करत नाही. समोरच्याला बोलू देते आणि मधेच एखादी भलतीच क्षुल्लक गोष्ट विचारते. मी तेल कंपनीत स्टोअर सांभाळतो, दिवसभर नटबोल्ट मोजून घरी येतो, आणि घरी ही मला मोजते. मला तिचा अभिमान आहे, पण तो मी तिला कळू देत नाही.

तिने गल्ला मांडीवर घेतला. एक नाणं वरच्या फटीत टाकलं, ते खळकन आत गेलं. मग तिने शिवलेली पट्टी फटीला लावून पाहिली. ती जाईना. दाबली, दुमडली, तरी जाईना.

"फटीतून नाय गेली," कुबरा म्हणाली. "मग दारातून. शेठ, ह्याची अक्षरं कुणाला ठाऊक?"

"मला एकट्याला. आणि गल्ला आल्यापासून मी हे दार आजच उघडलं. कुराणावर हात ठेवून सांगतो."

"मला खरं वाटतं," कुबरा म्हणाली. शेठ जरा गोंधळले. "पट्टी अस्तरामागून आली. नाण्यांच्या खाली अस्तर, अस्तराच्या खाली पट्टी. गल्ला भरायच्या आधीपासून ती आत हाय."

शेठने मांडीवर हात मारला. "मग झालं तर. गल्ला तयार होऊन कुठून आला? यूसुफच्या दुकानातून. अब्बास किनाऱ्याला लागला असेल, त्या हरामखोराने त्याला लुटलं असेल, मारलं असेल. सगळं खाल्लं, पण इमाम जामीन खायला भ्याला, म्हणून खैरातीच्या गल्ल्यात लपवला."

बैठकीत कुजबुज सुरू झाली. ऐकायला सगळं बरोबर वाटत होतं, आणि यूसुफ तिथे नव्हता. तो स्वतः बिनकागदाचा माणूस. पोलिसांच्या हाती लागला असता तर खून केला की नाही हे विचारण्याआधीच त्याला परत पाठवलं असतं, आणि त्याच्याबरोबर सगळा प्रश्नच बोटीत चढला असता.

"उद्या असरच्या नमाजनंतर पोलिसांना बोलावतो," शेठ म्हणाले.

"बोलवा," कुबरा म्हणाली. "तोवर ही पट्टी आणि हे अस्तर माझ्याकडे राहू दे."

निघताना आम्ही मागच्या अंगणातून गेलो. तिथे शेठचं पत्र्याचं गुदाम होतं. दाराला मोठं कुलूप होतं, आणि दाराच्या खालच्या फटीला अगदी टेकवून पाण्याने भरलेला वाडगा ठेवला होता. पाण्यावर धुळीची साय धरली होती. झुलेखाबी आमच्यामागून आली आणि ते पाणी ओतून तिने नवं भरलं.

"पाखरांसाठी काय?" कुबराने विचारलं.

"हो," झुलेखाबी म्हणाली. "पाखरांसाठी."

गाडीत कुबराने पट्टी उजेडात धरली. बांधायची दोन्ही टोकं चघळल्यासारखी विसविशीत झाली होती आणि त्यांवर तपकिरी डाग होते.

"सुगरा, अब्बास पान खायचा गं?"

"कधीच नाय. बिडीसुद्धा नाय."

कुबराने पट्टी हळूच घडी करून पदराला बांधली. अहमदीतलं आमचं घर येईपर्यंत ती एक शब्द बोलली नाही. ती बडबडते तेव्हा मी वैतागतो, पण ती गप्प बसते तेव्हा मला भीती वाटते.

३

रियाज फरवानियात इस्त्रीच्या दुकानात होता. कालची बातमी त्याच्यापर्यंत पोचायच्या आत आम्ही सकाळीच गेलो. सुगराला घरीच ठेवलं होतं. अंगाने काटकुळा, हसतमुख पोरगा. आम्हाला बघून त्याने शेजारून चहा मागवला.

"अब्बासची बायको आली हाय," कुबरा म्हणाली. "तिला एकदा शेवटचं सगळं ऐकायचंय. मला धीर होत नाय, पण तू सांगशील तर मी तिला सांगेन."

रियाजने मान खाली घातली आणि सांगू लागला. त्याने हे आधी बऱ्याचदा सांगितलं असावं. शब्द कुठे अडखळत नव्हते. लाँच दूर थांबली, पाणी छातीभर होतं, चांदणं होतं. सगळे उतरले. अब्बासचा पाय सुटला.

"हाक मारली त्याने?"

"मारली, आपा. मी वळलो तर एक हात तेवढा वर होता. उजवा. दंडावरची हिरवी पट्टी चांदण्यात दिसली मला. मग तीपण गेली. डोळ्यांसमोरून जात नाय अजून."

कुबराने पदराची गाठ सोडली आणि पट्टी इस्त्रीच्या टेबलावर ठेवली.

रियाजने ती बघितली. त्याच्या हाताखाली कुणाचा तरी पांढरा सदरा होता. इस्त्री तिथेच थांबली आणि जळकट वास सुटला. मीच पुढे होऊन ती उचलली.

"बुडाला नाय ना तो?" कुबरा म्हणाली.

"मना नाय ठाऊक," रियाज म्हणाला आणि रडायला लागला. "खुदाची कसम, मना नाय ठाऊक."

मग खरं बाहेर आलं. अब्बासला लाँचीवरच ताप भरला होता. अंग निखाऱ्यासारखं, शुद्ध येऊन-जाऊन. रियाज आणि आणखी एकजण त्याला खांद्यावर घालून किनाऱ्याला आले, तिथून शेठच्या अंगणात. शेठ म्हणाले, तुम्ही जा, मी ह्याला दवाखान्यात नेतो. काही दिवसांनी त्यांनी रियाजला बोलावून सांगितलं की अब्बास तापाच्या भरात उठून समुद्राकडे पळाला आणि बुडाला. बायकोला सांग की तू स्वतः पाहिलंस, म्हणजे ती वाट बघणार नाही.

"त्यात पाप काय, असं म्हणाले ते. आणि माझा इकामा, इथं राहायचा परवाना, करून दिला त्यांनी."

मला त्या पोराच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. वाजवली नाही, एवढंच.

बाहेर आल्यावर मी म्हणालो, "शेठच आहे हे उघड झालं. आणखी काय बघायचं?"

"अवो, शेठने पट्टी लपवली असती तर वीस माणसांसमोर थाप मारून पाडली असती का? त्यांना ठाऊकच नव्हतं ती आत हाय ते. आणि अजून ते म्हणतील, पळाला तापात, मी काय करू. पट्टी गल्ल्यात कुणी ठेवली ते कळल्याशिवाय अब्बास कुठं हाय ते कळायचं नाय."

४

यूसुफ बोचकं बांधत होता. कुणीतरी त्याला सांगितलंच होतं. दुकान म्हणजे एक पत्र्याची पडवी. भिंतीवर पितळी दारं ओळीने टांगलेली, प्रत्येकाच्या काचेत आमचे तुकडे दिसत होते. धुळीतून येणारा उजेड पिवळा पडला होता.

"पळालास तर तूच मारलंस असं ठरेल," कुबरा म्हणाली. "बस. गल्ला कसा बनवतोस ते मला दाखव."

तो आधी चिडला, मग त्याने मुकाट्याने एक अर्धवट पेटी पुढे ओढली. चार फळ्या, तळ, वरची फट, पाठ. सगळं जोडून, घासून, पॉलिश सुकवून झालं की समोरचं भोक तेवढं उघडं राहतं.

"दार कधी लावतोस?"

"सगळ्यात शेवटी. आधी लावलं तर पितळेला ओरखडे जातात. काच फुटते."

"मग तोवर पेटी उघडी. कुणीही हात घालावा."

यूसुफ उठून उभा राहिला. "आपा, मी अब्बासला बघितलासुद्धा नाय. मीपण त्याच पाण्यातून आलो. माझ्या दंडाची गाठ शेठच्याच घरी सुटली. दुसऱ्याच्या इमाम जामीनला मी हात लावीन?"

"मी तुला विचारलं नाय," कुबरा म्हणाली. "मी अस्तराचं विचारायला आले. हे मखमल तू शिवलंस?"

"छट्. मला कुठली सुई? मडमांचे गल्ले बिनअस्तराचेच असतात. शेठच्या घरून सांगणं आलं, की पेटी बिनदाराची आणून दे, अस्तर आम्ही लावू. मी पेटी ठेवून आलो. दुसऱ्या दिवशी जाऊन तिथंच दार बसवलं."

कुबराने अस्तर काढून गुडघ्यावर पसरलं. पुठ्ठ्यावर ताणून बसवलेलं तांबडं मखमल. तीन बाजूंनी टाके असे बारीक आणि सारखे की मशीनने घातल्यासारखे. चौथ्या बाजूला मात्र लांब लांब कच्चे टाके होते, तात्पुरतं कापड धरून ठेवायला घालतात तसे. तेच थापेने सुटले होते.

"एवढी सुबक बाई," कुबरा म्हणाली, "आणि चौथ्या बाजूला कंटाळली. हे सुटावं म्हणूनच घातलेत." तिचा आवाज खाली गेला. "यूसुफ, अस्तर कुणी मागून घेतलं?"

"झुलेखाबीने."

५

असरनंतर बैठक पुन्हा भरली. ह्या वेळी यूसुफ दाराजवळ उभा होता आणि रियाज कोपऱ्यात, भिंतीकडे तोंड करून. शेठने पोलिसांना निरोप धाडला होता, ते यायचे होते. सुगरा कुबराला चिकटून बसली होती. तिने नवी ओढणी घेतली होती. तिला अजून आशा होती, आणि ती आशा आता माझी बायको तोडणार हे मला ठाऊक होतं. 

रियाजचं कबूल करून झालं तेव्हा शेठ डगमगले नाहीत.

"खरं आहे. अब्बास इथे आला होता. मी गाडी काढेपर्यंत तापात पळाला, समुद्रात गेला. मी खोटं सांगितलं ते त्याच्या बायकोच्या भल्यासाठी. पण इमाम जामीन यूसुफकडे कसा, ते विचारा त्याला."

"मी तुम्हाला विचारते," कुबरा म्हणाली. "गाठ कुणी सोडली?"

"कुठली गाठ?"

"आमच्यात स्वतःच्या उजव्या दंडाची गाठ कुणी स्वतः सोडत नाय. कुणीतरी सोडून देतं. इथं घरात माणसं होती, अंगणात माणसं होती. तरी ही गाठ दातांनी सोडलीय. टोकं बघा, चावून चोथा झालाय. म्हणजे अब्बास एकटा होता. लुटणाऱ्याने काढली असती तर कापून काढली असती, चावत बसला नसता."



"आणि गाठ छपराखाली आल्याशिवाय सोडायची नसते. म्हणजे तो उघड्यावर नव्हता, समुद्रावर नव्हता. कुठल्यातरी खोलीत होता. नाणं काढून द्यायचं असतं, पण टाके तसेच हायत. सुगराने दुहेरी टाके घातलेले, ते दातांना तुटले नायत. म्हणजे त्याच्याकडे साधं पातं नव्हतं, आणि मागायला जवळ माणूस नव्हतं. अशी खोली कुठली, जिथं आजारी माणूस एकटा असतो आणि कुणाला हाक मारू शकत नाय?"

ती थांबली. मग सुगराचा हात हातात घेऊन म्हणाली, "हे डाग पानाचे नायत गं. पाण्यावाचून ओठ फुटतात, त्याचं रक्त हाय हे."

 सुगराने कुबराचा हात इतका आवळला की बांगडी पिचली.

"दवाखान्यात नेलं असतं तर कागद मागितले असते," कुबरा शेठला म्हणाली. "लाँच उघडी पडली असती. म्हणून तुम्ही त्याला गुदामात घातलात आणि कुलूप लावलंत. सप्टेंबरात, पत्र्याखाली. बरा झाला तर ठीक, नाय झाला तर नाय."

"हे सगळं एका चिंधीवरून?" शेठ म्हणाले.

"नाय," आतून आवाज आला. "माझ्यावरून."

झुलेखाबी पडदा बाजूला करून बैठकीत आली. पुरुषांसमोर ती अशी कधी आली नव्हती. तिच्या हातात तो पाण्याचा वाडगा होता.

"झुलेखा, आत जा."

"आत जायला आता जागा नाय राहिली," ती म्हणाली.

तिने सुगराकडे बघून सांगितलं, आमच्यापैकी कुणाकडे नाही. किल्ली नवऱ्याच्या कमरेला होती. तो म्हणाला, तोंड उघडलंस तर लाँचीने आलेली सगळी माणसं तुरुंगात जातील, त्यांच्या घरच्या चुली विझतील, आणि ते तुझ्या माथी. ती दाराखालून पाणी ओतायची. फट बोटभर होती. अर्धं पाणी मातीतच जिरायचं. आतून आवाज यायचा, पाणी, पाणी. मग एका दुपारी आवाज बारीक झाला आणि फटीतून ही पट्टी बाहेर आली.

"म्हणाला, बी, मी पोचलो. हे गरिबाला द्या. माझ्या घरचीला सांगा, मी पोचलो."

 वाऱ्याने खिडकीच्या काचा वाजत होत्या.

"संध्याकाळी कुलूप उघडलं तेव्हा तो गेला होता. गुदामाच्या कोपऱ्यात नवं सिमेंट हाय. त्याच्यावर तांदळाची पोती रचलीत." तिने वाडगा खाली ठेवला. "अमानत होती माझ्याकडे. ठेवून घेता येत नव्हती, फेकता येत नव्हती. ह्यांनी तौबा म्हणून नवा गल्ला करवला. मी म्हटलं, मग ह्यातच ठेवते. कधीतरी सगळ्यांसमोर उघडेल. ज्याच्या त्याच्या हाती पडेल. सुगरा येणार कळलं, तेव्हा निरोप धाडला."

"चिठ्ठी तरी धाडायची होती, बी," सुगरा म्हणाली. "हाक मारायची होती. भिंतीपलीकडं माणसं राहतात."

झुलेखाबीने मान हलवली.  मला तिची दया आली आणि संतापही आला. आजही दोन्ही येतात.

मुनव्वरशेठ हळूहळू गल्ल्याजवळ बसले आणि कालपासून तशाच पडलेल्या नाण्यांतलं एक त्यांनी उचलून परत ठेवलं. "मी किती घरं उभी केली ते कुणी विचारत नाही," ते म्हणाले. "एका माणसापायी सगळं बंद झालं असतं."

"तुम्ही पाणी तरी द्यायचं होतं," यूसुफ म्हणाला.

त्याच वेळी अंगणात गाडी थांबली. शेठने यूसुफसाठी बोलावलेले पोलिस आले होते. कुबरा उठली, आणि त्यांना गुदामाचं दार दाखवायला मला पुढे व्हायला सांगितलं.

६

अब्बासला दफन केलं त्या दिवशी वारा पडला होता. नमाजेजनाजाला जवळजवळ सगळे कोकणी आले. कागद असलेले आले आणि नसलेलेही आले, पोलिस समोर उभे असताना आले. रियाजने कबरीत माती लोटली आणि तिथेच खाली बसला. त्याला उठवायला कुणी गेलं नाही.

पुरुष परतल्यावर मी कुबरा आणि सुगराला घेऊन पुन्हा कबरस्तानात गेलो. मी फाटकाशी थांबणार होतो, पण कुबरा म्हणाली, या. वाळूत दगड मांडून केलेली साधी कबर. ओली माती वरून सुकत चालली होती.

सुगरा उभी राहिली. बांगड्या तिने घरीच काढल्या होत्या. हातात तिने बाटलीतून पाणी आणलं होतं, ते तिने कबरीवर सगळं ओतलं, थेंब न ठेवता, आणि माती ते पिईपर्यंत बघत राहिली. ती रडेल असं मला वाटत होतं. तिने बाटलीला झाकण लावलं आणि बाही वर केली. दंडावरची हिरवी पट्टी इतक्या दिवसांत मळून काळपट झाली होती.

"आता सोडा, आपा," ती म्हणाली. "पोचले मी."

 गाठ सुटेना, तशी कुबरा खाली वाकली, पण दात लावायच्या आधीच थांबली आणि तिने माझ्याकडे बघितलं. मी पुढे झालो. टाके उसवायला खिशात आणलेली छोटी कात्री काढली, तिच्या टोकाने गाठ सैल केली, आणि आम्ही दोघांनी मिळून ती सोडली.